दुखणे काढणे : मद्रासचा क्षयरोग-प्रयोग आणि ‘घर’ या संज्ञेचा इतिहास

मराठीत आजारी माणूस दुखण्यातून ‘उठतो’. परंतु त्याचे दुखणे ‘काढतो’ तो बहुधा दुसराच कोणी. ‘तिने सासूचे आजारपण काढले’ या वाक्यात क्रियापदाचा कर्ता रुग्ण नाही. रुग्णाचे नाव षष्ठीत गेले आहे आणि कर्तृत्व शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीकडे आले आहे. याच धातूचा दुसरा प्रयोग याच्या अगदी उलट अर्थाचा आहे. एखाद्याने दुखणे ‘अंगावर काढले’ असे म्हणताना औषध नाही, विसावा नाही आणि कोणाची साथही नाही, असा अर्थ अभिप्रेत असतो. दुखणे एकट्याने सोसणे आणि दुखणे कोणी तरी काढणे या दोन अवस्थांतील अंतर भाषेने एका ‘अंगावर’ या पदाने दाखविले आहे. विसाव्या शतकातील क्षयरोगोपचाराच्या इतिहासात हे अंतर अनेकदा दृष्टीआड झाले. रुग्णास घरी ठेवून बरे करता येते हे 1959 साली मद्रास येथे सप्रमाण दाखविले गेले, आणि वैद्यकाच्या इतिहासात त्या प्रयोगास योग्य तो मान मिळाला. मात्र त्या प्रयोगातील ‘घर’ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न त्या वेळी फारसा कोणी विचारला नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तो प्रश्न होय.

प्रयोगाचे महत्त्व कळण्यास त्यापूर्वीच्या शंभर वर्षांकडे थोडे वळून पाहिले पाहिजे. सिलेशियातील गॉर्बर्सडॉर्फ येथे हेर्मान ब्रेमर याने 1850 नंतरच्या दशकात डोंगरावरची हवा, सकस अन्न आणि नियमबद्ध दिनक्रम यांवर आधारलेली उपचारपद्धती सुरू केली. तेव्हापासून क्षयावरील उपचार म्हणजे सॅनटोरियम असे समीकरण रूढ झाले. हिंदुस्थानात अजमेरनजीक तिलौनिया येथे 1906 साली असे पहिले आरोग्यधाम निघाले. पुढे अल्मोडा, भोवाली, मदनपल्ली येथे तशीच आरोग्यधामे उभी राहिली. महाराष्ट्रात पाचगणी आणि मिरज ही नावे दोन-तीन पिढ्यांच्या तोंडी क्षयाला समानार्थी होऊन बसली होती. ‘त्याला मिरजेला ठेवले आहे’ एवढे म्हटले की पुढचे विचारावे लागत नसे. ‘हवापालट’ हा शब्दही याच काळात घराघरांत स्थिरावला. या सर्व व्यवस्थेच्या मुळाशी एक गृहीतक होते. घर हे रोगाचे उगमस्थान आहे. तेथे कोंदट हवा आहे, दाटी आहे, अपुरे अन्न आहे आणि शुद्ध आरोग्याचे ज्ञान नाही. म्हणून रुग्णास घरापासून तोडणे हाच उपचाराचा आरंभ होय.

हे गृहीतक सर्वस्वी निराधार होते असे नाही. औषधच नसलेल्या काळात घरची माया पुरी पडत नसे, याचे उदाहरण मराठी वाचकास परिचित आहे. डॉ. आनंदीबाई जोशी अमेरिकेतून वैद्यकाची पदवी घेऊन 1886 च्या अखेरीस मायदेशी परतल्या त्या क्षयाने ग्रासलेल्याच. 26 फेब्रुवारी 1887 रोजी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वी, पुण्यात आप्तांच्या सान्निध्यात त्यांचा अंत झाला. तेथे शुश्रूषेची वाण नव्हती. रोगावर चालेल असे औषध मात्र जगात कोठेच नव्हते.

तथापि सॅनटोरियमची अडचण तत्त्वाची नव्हती, साध्या अंकगणिताची होती. भोर समितीने 1946 च्या अहवालात देशातील क्षयरोग्यांची संख्या सुमारे 25 लाख, वार्षिक मृत्यू सुमारे 5 लाख आणि उपलब्ध खाटा सुमारे 6 हजार असा अंदाज दिला. चारशे रुग्णांमागे एक खाट! उरलेले तीनशे नव्याण्णव घरीच होते. त्यांच्यासाठी ‘घरी उपचार’ हा निवडीचा प्रश्न नव्हता. त्यांना दुसरे काही उपलब्धच नव्हते. आरोग्यधामांचा इतिहास लिहिताना आपण त्या एका खाटेचा इतिहास लिहितो, हे भान सुटू नये.

घराकडे उपचाराचे स्थान म्हणून पाहणारी एक क्षीण परंपरा यापूर्वीही होती. एडिंबरो येथे रॉबर्ट फिलिप याने 1887 साली क्षयरोग्यांसाठी दवाखाना उघडला. तेथून परिचारिका रुग्णाच्या घरी जात, घरातील इतरांचीही विचारपूस होई. दिल्लीत 1940 साली स्थापन झालेल्या क्षयरोग केंद्राने डॉ. फ्रिमोट-म्योलर आणि डॉ. सिकंद यांच्या पुढाकाराने ‘संघटित गृहोपचार’ नावाची योजना राबविली. या नावातील विशेषण बोलके आहे. घरी पडून राहणे आणि घरी उपचार होणे या दोहोंत भेद आहे, आणि तो भेद कोणी तरी केलेल्या संघटनेमुळे पडतो, हे त्या योजनाकारांस स्पष्ट दिसत होते. त्यांच्या हाती जंतुनाशक औषध नसल्यामुळे यश बेताचेच आले. पण कल्पना त्यांची होती.

औषधे नंतरच्या काही वर्षांत लागोपाठ आली : 1944 मध्ये स्ट्रेप्टोमायसिन, पाठोपाठ पी.ए.एस., आणि 1952 मध्ये स्वस्त, तोंडाने घेता येणारे आयसोनियाझिड. आता प्रश्न असा पडला की, औषध जर गोळीत आहे तर डोंगरावरची हवा आणि वर्षभराचा बिछाना यांचे काम काय? या प्रश्नाचे उत्तर श्रीमंत देशांत शोधण्याची निकड नव्हती. त्यांच्याकडे खाटा होत्या. निकड होती ती येथे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनचे मेडिकल रिसर्च कौन्सिल यांच्या सहकार्याने 1956 साली मद्रास येथे क्षयरोग रसायनोपचार केंद्र स्थापन झाले. ब्रिटिश कौन्सिलतर्फे वॉलेस फॉक्स हे तेथे आले.

प्रयोगाची रचना सरळ होती. मद्रास शहरातील गरीब वस्त्यांमधील 193 क्षयरोग्यांची यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागणी केली गेली. एका गटास वर्षभर सॅनटोरियममध्ये ठेवले. तेथे विश्रांती, चांगले अन्न आणि परिचारिकांची देखरेख होती. दुसऱ्या गटास त्याच्या घरी, त्याच दाटीत, त्याच तुटपुंज्या ताटावर राहू दिले. औषध दोन्ही गटांना एकच : आयसोनियाझिड आणि पी.ए.एस. यादृच्छिक विभागणीचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. कोणाचा रोग अधिक बळावला आहे, कोणाचे घर बरे आहे, यांपैकी कशाचाही विचार न करता नशिबाने गट ठरविला होता; त्यामुळे फरक पडला असता तर तो उपचाराच्या स्थळामुळेच पडला असे म्हणता आले असते. वर्षाअखेर रोग जंतुदृष्ट्या शमलेला आढळला तो घरच्या गटात शेकडा 86 जणांत आणि सॅनटोरियमच्या गटात शेकडा 92 जणांत. पाच वर्षांच्या पाठपुराव्यातही घरच्या गटाची स्थिती सॅनटोरियमच्या गटाहून वाईट निघाली नाही.

याहून धक्कादायक निष्कर्ष कुटुंबीयांविषयीचा होता. रुग्ण घरात राहिला तर बायकामुलांना लागण होईल, या भीतीवर सॅनटोरियमची अर्धी इमारत उभी होती. रुग्ण घरी राहिलेल्या कुटुंबांत आणि रुग्ण दूर नेलेल्या कुटुंबांत नव्या लागणीचे प्रमाण तपासले असता, घरी राहिल्यामुळे अधिक हानी झाल्याचे दिसले नाही. जी काय लागण व्हावयाची ती बहुतांशी निदानापूर्वी होऊन गेलेली असे. औषध सुरू होताच रुग्णाची संसर्गक्षमता झपाट्याने घटत असे. अंथरूण वेगळे, भांडी वेगळी, खोली वेगळी, ही जी पिढ्यान्‌पिढ्यांची अस्पृश्यता क्षयरोग्याच्या वाट्यास आली होती, तिचा वैद्यकीय आधार या निष्कर्षाने उखडला. समाजातून मात्र ती अद्याप पुरती गेलेली नाही.

येथवरचा इतिहास पाठ्यपुस्तकांत येतो. त्यापुढील मुद्दा असा की, या प्रयोगात ‘घर’ हे सॅनटोरियमच्या अभावाचे नाव होते. एका बाजूस खाट, परिचारिका, आहार, विश्रांती अशी भरलेली यादी. दुसऱ्या बाजूस यांपैकी काही नाही, ते घर. तुलनेचा विषय रुग्णाचा बेडका आणि क्ष-किरण चित्र हा असल्याने हे स्वाभाविकही होते, आणि शास्त्रीय प्रयोगाकडून याहून वेगळी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. कुटुंबीय या अभ्यासात आले, पण ते संसर्ग होऊ शकणाऱ्या व्यक्ती म्हणून आले. इंग्रजी अहवालांतील त्यांच्यासाठीच्या शब्दास मराठी आरोग्य-परिभाषेने ‘निकट सहवासित’ असा प्रतिशब्द दिला आहे. ‘सहवास’ हा मराठीत मायेचा शब्द. ‘सहवासाने लळा लागतो’ असे आपण म्हणतो. परिभाषेत शिरताच लळ्याच्या जागी लागण आली. शब्द तोच, ‘लागणे’ हा धातूही तोच. अर्थाची दिशा तेवढी फिरली. परिभाषाकारांनी हे हेतुपुरस्सर केले असे नव्हे. तरीही रुग्णाजवळचा माणूस हा धोक्यात असलेला माणूस आहे, एवढेच या शब्दाने सांगितले. तोच दुखणे काढणारा माणूस आहे, हे सांगण्यास परिभाषेत शब्दच राहिला नाही.

वस्तुतः मद्रासचे घर रिकामे नव्हते. रुग्णास केंद्रात येऊन औषधांचा पुरवठा न्यावा लागे. हेल्थ व्हिजिटर अवचित घरी येऊन शिल्लक गोळ्या मोजत. लघवी तपासून औषध पोटात गेले की नाही ते पाहिले जाई. फॉक्स यांनी 1958 मध्येच रुग्णाने स्वतः औषध घेण्याच्या प्रश्नावर स्वतंत्र निबंध लिहिला होता. बरे वाटू लागताच गोळ्या सुटतात, हे त्यांना पक्के ठाऊक होते. म्हणजे प्रयोगातील घर हे केवळ चार भिंतींचे घर नसून, ज्याच्या दारात कोणी तरी नियमाने येत होते असे घर होते. दिल्लीकरांचे ‘संघटित’ हे विशेषण येथे नाव न घेता हजर होते. जो भाग मोजला गेला नाही तो यापलीकडचा : रांधणारी कोण, केंद्रापर्यंत सोबत कोण जाई, रुग्ण कमावता असेल तर वर्षभर घर कोणी चालविले, शेजाऱ्यांनी मुलांना किती वेळा जेवू घातले. या कामाची नोंद ठेवण्याची पद्धत त्या काळी नव्हती. सॅनटोरियममध्ये हेच काम पगारी नोकर करीत आणि त्याचा खर्च हिशेबात येई. घरी ते बिनपगारी होई आणि म्हणून ‘घरचा उपचार स्वस्त’ ठरे. या स्वस्ताईचा मोठा भाग बायकांच्या श्रमावर उभा होता, हे सांगण्यास फार सूक्ष्म संशोधन लागत नाही.

राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम 1962 साली सुरू झाला तो मद्रासच्या निष्कर्षावर, आणि बंगलोरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेतील समाजशास्त्रीय पाहण्यांवर. देबाबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांची 1963 मध्ये प्रसिद्ध झालेली तुमकूर जिल्ह्यातील पाहणी आजही वाचनीय आहे. खेड्यातील माणूस अडाणी, तो दुखणे अंगावर काढतो, असा शहरी तज्ज्ञांचा दृढ समज होता. पाहणीत आढळले ते असे की, क्षयाची लक्षणे असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक एखाद्या सरकारी वा खाजगी दवाखान्याची पायरी चढून आलेले होते. तेथे त्यांना खोकल्याचे औषध देऊन परत पाठविण्यात आले होते. दुखणे अंगावर काढणारे ते नव्हते. दुखणे त्यांच्या अंगावर परत टाकण्यात आले होते.

परंतु नव्या कार्यक्रमात मद्रासच्या प्रयोगातील अर्धेच उतरले. ‘खाट नको’ हा निष्कर्ष काटकसरीचा असल्याने तत्काळ स्वीकारला गेला. ‘दारात कोणी यावे’ हा भाग खर्चाचा असल्याने मागे पडला. रुग्णाने महिन्याची औषधे न्यावीत आणि घरी जाऊन बरे व्हावे, अशी व्यवस्था झाली. मधेच औषध सोडणाऱ्यास इंग्रजीत जो शब्द वापरला जाई तो मूळचा सावकारीतला. देणे बुडविणाऱ्या थकबाकीदाराचा. रोजंदारी बुडवून दवाखान्यात येऊ न शकलेला मजूर अशा रीतीने भाषेपुरता तरी ऋणको ठरला. जागतिक आरोग्य संघटनेने हा शब्द 2013 साली व्याख्यांतून काढून टाकला. पन्नास वर्षे तो चालला, ही गोष्ट केवळ शब्दांची आवड असणाऱ्यांनीच नोंदवावी अशी नाही.

पुढील टप्पा याची प्रतिक्रिया म्हणून आला. 1997 पासून देशभर पसरत गेलेल्या सुधारित कार्यक्रमात रुग्णाने औषध दुसऱ्या व्यक्तीच्या डोळ्यांदेखत गिळावे असा नियम झाला. मार्च 2006 पर्यंत सारा देश त्याखाली आला. देखरेखीखालील औषधयोजनेची बीजे मद्रासच्याच पुढील प्रयोगांत होती, हा योगायोग नव्हे. आता औषध देणारी अंगणवाडी सेविका असे, कधी शेजारी, कधी गल्लीतला दुकानदार. दारात माणूस पुन्हा आला. पण घरातला माणूस बाहेर ठेवला गेला. कुटुंबीयांच्या हाती औषध सोपविण्यास आरंभीची अनेक वर्षे मान्यता नव्हती, कारण माया आड येते, आजारी माणसाने नको म्हटले की घरचे आग्रह सोडतात, असे मानले जाई. ज्यांनी दुखणे काढले त्यांचीच साक्ष ग्राह्य नाही, असा हा विलक्षण न्याय होता. नियम पुढे सैल झाला.

येथे शेजाराविषयी भाबडेपणा बाळगून चालणार नाही. ‘समाचारास जाणे’ ही मराठी समाजातील जुनी रीत. आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने जाऊ नये हाही संकेत. पण क्षयाच्या बाबतीत याच समाचाराची रुग्णास धास्ती असे. चारजण येऊन गेले की बातमी आळीभर होई, मुलीचे लग्न अडे, घरमालक खोली सोडावयास सांगे. सुनेला क्षय झाला तर तिला माहेरी धाडण्याची चाल होती. तिचे दुखणे सासरी कोणी काढावे हा प्रश्नच उपस्थित होत नसे, आणि सासूचे आजारपण काढणारी तीच असे! सामूहिक आधार म्हणून ज्याचा गौरव होतो तो आधार, कोणाचे दुखणे कोणी काढावयाचे यांविषयीच्या जुन्या वाटणीवर उभा असतो. ‘टी.बी.’ ही दोन अक्षरे मराठीत रुळली ती केवळ इंग्रजीच्या प्रभावामुळे नव्हे. ‘क्षय’ हा शब्द उच्चारण्यास जड होता, आणि परका शब्द झाकण म्हणून सोयीचा होता.

आहाराचा प्रश्न मात्र मद्रासने मिटविला असे मानले गेले आणि तो साठ वर्षांनी पुन्हा उभा राहिला. मद्रासमध्ये घरच्या गटाचे अन्न निकृष्ट होते, त्यांचे वजनही सॅनटोरियममधील रुग्णांइतके वाढले नाही, तरी रोग शमला. यावरून आहार गौण आहे असा निष्कर्ष काढला गेला. औषध चालू असता जंतू मरण्यास आहाराची अट नाही, एवढेच वस्तुतः सिद्ध झाले होते. माणूस पुन्हा उभा राहणे, कामावर जाणे, आणि त्याच ताटावर जेवणाऱ्या इतरांनी आजारी न पडणे, हे वेगळे प्रश्न होते.

ते झारखंडमधील चार जिल्ह्यांत 2019 ते 2022 या काळात झालेल्या ‘रेशन्स’ नावाच्या अभ्यासाने हाती घेतले. अनुराग आणि माधवी भार्गव हे त्याचे प्रमुख संशोधक; त्यात सहभागी असलेली चेन्नईची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था ही 1956 च्या मद्रास केंद्राचीच आजची अवस्था होय. 2,800 रुग्णांना औषधांबरोबर दरमहा 10 किलो शिधा देण्यात आला : तांदूळ, भाजलेल्या हरभऱ्याचे पीठ, दुधाची भुकटी, तेल. पाच रुग्णांपैकी चारांहून अधिकांचे वजन आरंभी प्रमाणाहून कमी होते. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन शेकडा 5 ने वाढले त्यांच्यात मृत्यूचा धोका शेकडा 61 ने कमी आढळला. याहून महत्त्वाचे असे की, घरातील इतरांच्या बाबतीत दोन गट केलेले होते. 10,345 कुटुंबीयांपैकी एका गटास त्यांच्या स्वतःच्या वाट्याचा शिधा मिळाला, दुसऱ्यास मिळाला नाही. शिधा मिळालेल्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण शेकडा 39 ने, आणि संसर्गजन्य फुप्फुसक्षयाचे शेकडा 48 ने कमी राहिले. 1959 मध्ये ज्यांच्याकडे लागण होऊ शकणारी माणसे म्हणून पाहिले गेले, तीच या वेळी जेवणारी माणसे म्हणून मोजली गेली.

शिध्याच्या या वाटपात एक व्यवहारज्ञान दडलेले होते. गरीब घरात एकट्या रुग्णासाठी आलेले अन्न एकटा रुग्ण कधीच खात नाही. आई असेल तर ती मुलांना वाढते. हे रोखण्याचा एकमेव मार्ग म्हणजे सर्वांना पुरेल इतके देणे.

सरकारी योजनांनी ही वाट हळूहळू धरली. एप्रिल 2018 पासून प्रत्येक क्षयरोग्यास उपचार चालू असेपर्यंत दरमहा 500 रुपये पोषणासाठी मिळू लागले. 2024 च्या नोव्हेंबरपासून ते 1,000 झाले. सप्टेंबर 2022 मध्ये सुरू झालेल्या ‘नि-क्षय मित्र’ योजनेत व्यक्ती, संस्था, उद्योग यांनी रुग्णास शिधा पुरवावा अशी सोय झाली. त्यासाठी रुग्णाची संमती घेतली जाते, म्हणजे शेजाऱ्यापासून दुखणे लपविण्याचा त्याचा अधिकार कागदावर मान्य झाला. आरंभी हा शिधा रुग्णापुरता होता. झारखंडचे निष्कर्ष 2023 च्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झाले, आणि 2024 च्या ऑक्टोबरात या योजनेच्या शिध्यात रुग्णाच्या घरातील माणसांचाही समावेश करण्यात आला.